सहकाऱ्याचं नाव पुरस्कारासाठी पुढे करताना: पहिल्यांदा नामांकन लिहिणाऱ्या इंजिनिअरांसाठी मार्गदर्शक

मोठ्या चिपची रचना करायची जी पद्धत पुढे जगभरच्या कॉलेजांत शिकवली गेली, ती 1970 च्या दशकाच्या अखेरीस लिन कॉनवे आणि कार्व्हर मीड या दोघांनी मिळून घडवली. अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये मीड यांचा समावेश 2009 मध्ये झाला. कॉनवे यांचा झाला 2023 मध्ये, त्या 85 वर्षांच्या असताना. काम दोघांचं होतं, पण मान मिळण्यात मधे 14 वर्षं गेली. कॉनवे ट्रान्सजेंडर होत्या. त्याच कारणावरून आयबीएमनं त्यांना 1968 मध्ये कामावरून काढलं होतं, आणि त्याबद्दल माफी मागितली ती 2020 मध्ये.

प्रत्येक वेळी यामागे उघड भेदभावच असतो असं नाही. बहुतेक व्यावसायिक पुरस्कार नामांकनावर चालतात. कुणीतरी अर्ज भरावा लागतो, पुरावे जमवावे लागतात, तीन-चार जणांकडून पत्रं मागवावी लागतात. हे कष्ट माणूस सहसा आपल्या नेहमीच्या ओळखीतल्यांसाठी घेतो. स्त्रिया, कृष्णवर्णीय, आदिवासी, एलजीबीटीक्यू, अपंग किंवा वंचित सामाजिक पार्श्वभूमीतून आलेले इंजिनिअर त्या वर्तुळात कमी असतात, म्हणून त्यांची नावं समितीपुढे जातच नाहीत. समितीपुढे नावच नसेल तर समितीनं निवडायचं कुणाला?

मी सहकाऱ्यांची नामांकनं लिहिली आहेत आणि इतरांनी लिहिलेली तपासूनही दिली आहेत. पहिल्यांदा हे काम अंगावर घेणाऱ्याचा गोंधळ कुठे होतो, ते आता चांगलं ठाऊक झालं आहे. म्हणून हा लेख. मॅनेजर असण्याची गरज नाही. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्यालाही हे करता येतं.

1. नाव शोधताना मीटिंगच्या बाहेर बघा

मीटिंगमध्ये जे बोलतात, तेच डोळ्यांपुढे येतात. त्यामुळे पहिली यादी डोक्यातून काढू नका, कागदपत्रांतून काढा. गेल्या काही वर्षांतले डिझाइन डॉक्युमेंट कुणी लिहिले? मोठ्या बिघाडाच्या अहवालात मूळ कारण शोधणाऱ्याचं नाव काय आहे? कोड रिव्ह्यूमध्ये अवघड प्रश्न कोण विचारतं? नव्या माणसाला अडलं की तो कुणाकडे जातो? या चार प्रश्नांच्या उत्तरांत एखादं नाव वारंवार येईल, आणि ते पुरस्कारांच्या यादीत कधीच दिसलेलं नसेल. तिथून सुरुवात करा.

निवृत्त झालेल्यांनाही विसरू नका. ग्लॅडिस वेस्ट या कृष्णवर्णीय गणितज्ञ 1956 पासून 1998 पर्यंत अमेरिकी नौदलाच्या डालग्रेन इथल्या केंद्रात होत्या. उपग्रहांच्या मोजणीवरून पृथ्वीचा नेमका आकार गणितात बसवण्याचं त्यांचं काम जीपीएसच्या पायाशी आहे. बाहेरच्या जगाला ते कळलं निवृत्तीनंतर खूप उशिरा, आणि तेही त्यांनी आपल्या जुन्या महिला विद्यार्थी संघटनेच्या कार्यक्रमासाठी दिलेल्या छोट्याशा परिचयातून. 2018 मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या अवकाश आणि क्षेपणास्त्र क्षेत्रातल्या अग्रणींच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांना स्थान मिळालं. परिचयाची ती काही वाक्यं कुणी वाचली नसती तर?

2. आधी विचारा, मग लिहा

आश्चर्याचा धक्का द्यायचा मोह होतो. देऊ नका. एक तर माहिती त्या सहकाऱ्याकडूनच (इथून पुढे सोयीसाठी "ती" म्हणतो) मिळणार असते. दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं, आपली ओळख कुठे आणि किती सांगायची हा निर्णय तिचा आहे. एखाद्या सहकाऱ्यानं आपली लैंगिक ओळख किंवा अपंगत्व ऑफिसात सगळ्यांना सांगितलेलं नसतं. एखाद्या समूहापुरत्या पुरस्कारात नाव झळकलं की ते जाहीर होतं. काहींना असा पुरस्कार मनापासून हवा असतो, कारण मागून येणाऱ्यांना आपल्यासारखं कुणीतरी दिसावं असं वाटतं. काही जण स्पष्ट म्हणतात, "मला सर्वांसाठीच्या गटातच उभं राहायचं आहे." दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. समजवायला जाऊ नका, त्या उत्तराप्रमाणे पुरस्कार निवडा.

विचारताना नुसतं "तुझं नाव देऊ का?" म्हणू नका. कोणता पुरस्कार, कोणत्या कामासाठी, तिला किती वेळ द्यावा लागेल आणि निवड झाली तर काय काय जाहीर होईल, हे चारही सांगा.

3. पुरस्कार निवडणं

घाई सगळ्यात जास्त इथे होते. पहिला सापडलेला अर्ज भरून मोकळे होतात. थोडा वेळ घ्या. साधारण तीन प्रकार आहेत.

*पहिला प्रकार: विशिष्ट समूहांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे पुरस्कार.* सोसायटी ऑफ विमेन इंजिनिअर्स ही संस्था 1950 ची. तिचा अचीव्हमेंट अवॉर्ड 1952 मध्ये पहिल्यांदा सौरऊर्जेवर काम करणाऱ्या मारिया टेलकेश यांना मिळाला. अमेरिकेत हिस्पॅनिक इंजिनिअरांची संस्था 1974 मध्ये, कृष्णवर्णीय इंजिनिअरांची नॅशनल सोसायटी 1975 मध्ये पर्ड्यू विद्यापीठात, आणि मूळनिवासी समाजातल्या शास्त्रज्ञ-इंजिनिअरांची संस्था 1977 मध्ये सुरू झाली. या सगळ्या आपापले पुरस्कार देतात. ब्लॅक इंजिनिअर ऑफ द इयर हे पुरस्कार 1987 पासून दिले जातात. संगणक क्षेत्रातल्या स्त्रियांसाठी संगणकशास्त्रज्ञ ॲनिटा बोर्ग यांच्या नावानं चालणाऱ्या संस्थेचे ॲबी पुरस्कार आहेत. तुमच्या देशात अशी कोणती संस्था आहे ते शोधा आणि परदेशी नागरिकांना तिथे अर्ज करता येतो का, हे आधीच तपासा.

*दुसरा प्रकार: सर्वांसाठीच्या व्यावसायिक संस्थांची सदस्यत्वाची श्रेणी.* याकडे फार दुर्लक्ष होतं, आणि मला विचाराल तर बहुतेकांनी सुरुवात इथूनच करावी. आयईईई या विद्युत-इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरांच्या जागतिक संस्थेचं सीनियर मेंबर पद घ्या. त्याला 10 वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो, त्यातल्या किमान 5 वर्षांत लक्षणीय काम दिसावं लागतं, आणि तीन संदर्भ लागतात. पदवीच्या शिक्षणाची काही वर्षंही अनुभवात धरली जातात, हे अनेकांना माहीत नसतं. अर्ज स्वतः करता येतो. एसीएम या संगणक क्षेत्रातल्या संस्थेचं सीनियर मेंबर पदही 10 वर्षांच्या अनुभवावर मिळू शकतं. त्याच्या बरेच वर फेलो हे पद येतं. आयईईई एका वर्षात जास्तीत जास्त मतदार सदस्यांच्या 0.1 टक्के इतक्यांनाच फेलो करते, आणि त्यासाठी आधी सीनियर मेंबर असावंच लागतं. म्हणजे आज सीनियर मेंबरचा साधा अर्ज राहून गेला, तर उद्या फेलोचं दारच बंद. शोधनिबंध नाहीत म्हणून फेलोचा विचारच सोडून देणारे खूप भेटतात. आयईईईत प्रत्यक्ष उद्योगात काम करणाऱ्या इंजिनिअरांसाठी आणि तांत्रिक नेतृत्वासाठी वेगळे वर्ग आहेत. तिथे उत्पादनं, पेटंट आणि मानकांवरचं काम धरलं जातं.

*तिसरा प्रकार: कंपनीतले पुरस्कार आणि पदं.* प्रिन्सिपल इंजिनिअर, डिस्टिंग्विश्ड इंजिनिअर, कंपनीचा फेलो वगैरे. इथे पगार आणि अधिकार वाढतात, म्हणून हा मार्ग बाहेरच्या पुरस्कारांइतकाच मनावर घ्या. बाहेरची मान्यता मिळाली की आतलं पद मिळायला मदत होते, आणि आतलं पद असलं की बाहेर वजन पडतं. फ्रान्सिस ॲलन 1989 मध्ये आयबीएमच्या पहिल्या महिला फेलो झाल्या. संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार 1966 पासून दिला जातो आणि तो मिळालेल्या पहिल्या स्त्रीही त्याच, 2006 च्या पुरस्काराच्या.

पुरस्काराच्या आत पुन्हा वर्ग असतात: होतकरू इंजिनिअर, तांत्रिक योगदान, व्यावसायिक कर्तृत्व, नेतृत्व, समाजसेवा, शिक्षण. इथे एक सापळा आहे. कमी प्रतिनिधित्व असलेल्या समूहातल्या इंजिनिअरांकडे भरती, नव्यांना मार्गदर्शन, शाळांतले कार्यक्रम ही कामं जास्त येतात. नामांकन लिहिणाऱ्याला तीच आधी आठवतात, आणि उत्तम तांत्रिक काम असलेली व्यक्ती समाजसेवेच्या वर्गात जाऊन बसते. तिथे पुरस्कार मिळालाही, तरी तिच्या डिझाइनची नोंद कुठेच होत नाही. तांत्रिक काम भक्कम असेल तर आधी तांत्रिक वर्गच बघा.

4. तारखा शेवटाकडून मोजा

अंतिम मुदत कॅलेंडरवर लिहा आणि तिथून मागे या. पत्र लिहिणाऱ्यांना किमान सहा आठवडे द्या. कंपनीची मंजुरी लागत असेल तर त्यासाठी आणखी चार. म्हणजे मुदतीच्या तीन महिने आधी काम सुरू झालेलं बरं. सदस्यत्वाची अट असेल तर ती आजच बघा. काही पदांना सलग इतकी वर्षं सदस्य असण्याची अट असते आणि ती वर्षं शेवटच्या आठवड्यात उभी करता येत नाहीत. नियम बदलत राहतात, म्हणून मी वर दिलेल्या अटीही अर्ज भरायच्या वर्षी संस्थेच्या संकेतस्थळावर पुन्हा वाचून घ्या.

5. कामाचा माग काढा

नामांकन बनतं किंवा फसतं ते इथेच. सहकाऱ्यासोबत तासाभराच्या दोन बैठका ठरवा. पहिल्या बैठकीत हमखास ऐकू येतं, "मी विशेष असं काही केलं नाही, टीमनंच केलं." आमच्या एका सहकारी मैत्रिणीनंही हेच म्हटलं होतं. ती पंपांच्या कंट्रोलरचं फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतच चालणारं सॉफ्टवेअर, बघायची. मी विचारलं, "बरं, टीमनं केलं. पण त्या आठवड्यात तू सुट्टीवर असतीस तर काय झालं असतं?" ती थोडी थांबली. मग म्हणाली, "मग बोर्ड बदलत राहिले असते. सगळ्यांना हार्डवेअरच खराब वाटत होतं ना."

पुढे हळूहळू सगळं बाहेर आलं. ग्राहकांकडून परत आलेले बोर्ड टेबलावर व्यवस्थित चालायचे, म्हणून कुणालाच दोष सापडत नव्हता. तिनं परत आलेल्या बोर्डांची मेमरी वाचून बघितली. प्रत्येकात सेटिंग्जचा एकच भाग अर्धवट लिहिलेला होता. सेटिंग्ज साठवताना नेमकी वीज खाली गेली की लिहिणं अर्ध्यात तुटायचं. तिनं सेटिंग्जच्या दोन प्रती ठेवायची रचना केली. नवी प्रत पूर्ण लिहून तपासून झाली की मगच जुनी मोडीत काढायची. एका सुट्ट्या भागाचीही किंमत न वाढता तक्रार मिटली. पुढे तीच रचना कंपनीच्या इतर उत्पादनांतही गेली. आणि हे सगळं तिच्या वार्षिक मूल्यमापनात एका ओळीत होतं: "फर्मवेअरची विश्वासार्हता सुधारली."

ती एक ओळ उलगडणं हेच तुमचं काम. मी नेहमी विचारतो ते प्रश्न असे:

- अडचण काय होती आणि आधी कुणी कुणी प्रयत्न केले होते?
- इतरांना न दिसलेलं काय तुला दिसलं?
- कोणता निर्णय तुझा होता? त्याला विरोध झाला का?
- आज ते कुठे वापरात आहे? कोण वापरतं?
- तू तिथे नसतीस तर काय झालं असतं?

"आम्ही" ऐकू आलं की दर वेळी शांतपणे विचारा, "यात तुझा भाग कोणता?" समितीला टीमचं यश कळून भागत नाही, त्यांना एका व्यक्तीचं योगदान ठरवायचं असतं. पण त्यासाठी इतरांचा वाटा पुसू नका. "पाच जणांच्या टीममध्ये मूळ कारण शोधणं आणि साठवणीची रचना हे काम हिचं, चाचणीची यंत्रणा इतर दोघांची" असं लिहिलं की वाचणाऱ्याचा विश्वास वाढतो.

नंतर सहकाऱ्यानं सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीला कागद शोधा. आठवण चांगली असते, पण डिझाइन डॉक्युमेंटची तारीख आणखी चांगली.

6. जवळ ठेवायची कागदपत्रं

- अद्ययावत बायोडेटा. नोकरी शोधायचा दोन पानी नको, पूर्ण हवा.
- पेटंटची यादी. मंजूर झालेली आणि अर्जाच्या पातळीवर असलेली वेगवेगळी दाखवा. दोन्ही एकत्र केलेली समितीला लगेच कळतात, आणि मग बाकीच्या दाव्यांवरही शंका येते.
- शोधनिबंध, मानकांच्या समित्यांवरचं काम, ओपन सोर्समधलं योगदान. ओपन सोर्स असेल तर कोणते बदल तिचे, त्याची लिंक.
- डिझाइन डॉक्युमेंट, रिलीजच्या नोंदी, बिघाडाचे अहवाल. हे तुमच्या संदर्भासाठी; बाहेर देता येतील का ते पायरी 9 मध्ये.
- आधीचे पुरस्कार, व्याख्यानं, शिकवलेले अभ्यासक्रम.
- पत्र लिहू शकतील अशा सात-आठ जणांची नावं, त्यांचं पद आणि सहकाऱ्याशी नातं.
- चांगला फोटो, आणि नावाचं नेमकं स्पेलिंग. लग्नानंतर, लिंगबदलानंतर किंवा इतर कारणानं नाव बदललं असेल तर जुन्या पेटंटांवर वेगळं नाव असतं. ते कसं दाखवायचं हे तिलाच विचारा.

7. मुख्य मजकूर लिहिणं

परीक्षकापुढे असे अनेक अर्ज असतात आणि तो तुमच्या उपक्षेत्रातला असेलच असं नाही. पहिल्या तीन ओळींत त्याला तीन गोष्टी कळायला हव्यात: अडचण, तिनं केलेलं काम, झालेला परिणाम.

नेहमी येणारा मजकूर असा असतो: "त्या अत्यंत मेहनती आणि प्रेरणादायी नेत्या असून त्यांनी विविध प्रकल्पांत मोलाचं योगदान दिलं आहे." हे वाक्य कुणालाही लागू पडतं. त्याऐवजी असं लिहा (आकडे केवळ नमुन्यासाठी): "वीज खंडित झाल्यावर सेटिंग्ज नष्ट होण्याचं कारण त्यांनी शोधलं आणि दुहेरी साठवणीची रचना केली. त्यानंतर या दोषामुळे परत येणारे बोर्ड महिन्याला 40 वरून 2 वर आले. आज ही रचना कंपनीच्या चार उत्पादनांत आहे." दुसऱ्या मजकुरात कौतुकाचं एकही विशेषण नाही, आणि तरी ती इंजिनिअर कशी आहे ते कळतं.

आकडा नसेल तर बनवू नका. "पूर्वी तीन टीम वेगवेगळी साधनं वापरत, आता तिन्ही हेच वापरतात" हाही परिणामच आहे. नेतृत्वाबद्दल लिहायचं तर तिच्या हाताखाली किती माणसं होती यापेक्षा तिनं कोणता निर्णय घेतला, कोणता धोका पत्करला, तिच्या हाताखालचे लोक पुढे कुठे पोचले ते लिहा.

आता ओळखीबद्दल. "पहिली महिला", "पहिला आदिवासी इंजिनिअर" यानं सुरुवात करू नका. सुरुवात तशी झाली की पुढचं सगळं वाचणारा त्याच चष्म्यातून वाचतो आणि काम मागे पडतं. वाटेतल्या अडथळ्यांचा उल्लेख पुरस्काराचा उद्देशच तसा असेल तर, सहकाऱ्याच्या संमतीनं आणि वस्तुस्थिती म्हणून करा. उदाहरणार्थ, दृष्टी कमी असलेल्या इंजिनिअरनं टीमच्या सगळ्या साधनांना स्क्रीन रीडरशी (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरशी) जुळवून घेतलं असेल, तर ते त्याचं तांत्रिक काम आहे. ते तसंच मांडा. त्याच्याबद्दल हळहळ वाटावी म्हणून लिहिलेलं वाक्य त्यालाही नको असतं आणि समितीलाही.

शेवटी छोटं मानवाक्य मागतात, प्रशस्तिपत्रावर छापलं जाईल असं. ते अगदी शेवटी लिहा आणि त्यात कामाचं नाव येऊ द्या.

8. शिफारसपत्रं

पत्र कुणाकडून घ्यायचं? सगळ्यात मोठ्या पदावरच्या माणसाकडून, असं बहुतेकांना वाटतं. पण ज्या संचालकानं तिचं काम जवळून पाहिलेलं नाही, तो सामान्य कौतुकाच्या चार ओळी लिहून देतो. मिश्रण ठेवा: काम जवळून पाहिलेला एक, त्याच क्षेत्रातला पण दुसऱ्या संस्थेतला एक, आणि तिच्या कामाचा उपयोग झालेला एक. बाहेरचं पत्र फार मोलाचं. आयईईई फेलोसारख्या पदाला संदर्भ देणारेही फेलोच लागतात. त्या वर्तुळात ओळख नसणं हाच कमी प्रतिनिधित्व असलेल्यांपुढचा मोठा अडसर आहे. तो तुम्ही दूर करू शकता: परिषदेत ओळख करून द्या, तिचं व्याख्यान ठेवा, तिचा लेख त्या क्षेत्रातल्या ज्येष्ठांना पाठवा. हे एक-दोन वर्षं आधी सुरू करावं लागतं.

पत्रांच्या भाषेकडे नीट लक्ष द्या. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेन्का यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्राध्यापकपदांसाठीची 300 हून जास्त शिफारसपत्रं तपासली. स्त्रियांसाठीची पत्रं सरासरीनं आखूड होती. त्यांत शंका निर्माण करणारी वाक्यं जास्त होती, आणि कष्टाळूपणाचं कौतुक अधिक. पत्र लिहिणाऱ्यांत कुणी वाईट हेतूचा नसेल, तरी परिणाम तोच होतो. "तिला अजून बरंच शिकायचं आहे, पण" असं एक वाक्य समितीच्या बैठकीत मोठ्यानं वाचलं जातं.

म्हणून पत्र मागताना नुसती विनंती पाठवू नका. सोबत एक पान द्या: पुरस्काराचे निकष, तुमचा मुख्य मजकूर, आणि त्यांनी काय लिहावं अशी अपेक्षा आहे ("2019 च्या बिघाडात आपण स्वतः काय पाहिलंत, ते लिहाल का?" असं नेमकं). प्रत्येकाला वेगळा विषय द्या, म्हणजे चार पत्रांत एकच गोष्ट चार वेळा येणार नाही. संपूर्ण पत्र तुम्हीच लिहून सहीला पाठवायची पद्धत काही ठिकाणी आहे. मला ती पटत नाही. एकाच हातची चार पत्रं ओळखू येतात आणि काही संस्थांत ते नियमातही बसत नाही.

कुणी "वेळ नाही" म्हणालं तर आनंदानं सोडून द्या. नाखुशीनं लिहिलेलं पत्र नसलेलं परवडतं.

9. कंपनीची मंजुरी

कंपनीचे आकडे, ग्राहकांची नावं, प्रसिद्ध न झालेली डिझाइन बाहेर पाठवताना कायदा विभागाची परवानगी लागते. संरक्षण किंवा निर्यात-नियंत्रित कामात तर नक्कीच. मजकूर तयार झाल्या झाल्या पाठवा. ते आकडे कापायला सांगतील. तेव्हा प्रत्यक्ष संख्येऐवजी प्रमाण चालेल का ते विचारा: "महिन्याला 40 वरून 2" चालत नसेल, तर "वीसपटीनं कमी" बहुतेक वेळा चालतं. अर्ज-शुल्क किंवा समारंभाचा खर्च असेल तर तो कंपनीनं उचलावा, हेही याच वेळी ठरवून घ्या.

10. सादर करणं

पोर्टलवर खातं आधीच काढा, शब्दमर्यादा तपासा, पत्रं पोचली का ते स्वतः बघा आणि मुदतीच्या दोन दिवस आधी सादर करा. पोचपावती जपून ठेवा. नामांकनं मागवायचा नुसता ईमेल आला आणि त्यात पैसे भरल्यावर पुरस्कार नक्की असल्याचा सूर असेल, तर तो पुरस्कार नाही, विक्री आहे. आधीचे मानकरी कोण, निवड समितीत कोण, निकष छापलेले आहेत का, हे तिन्ही सापडत नसेल तर तिकडे वळू नका.

11. निकालानंतर

नकार आला तर सहकाऱ्याला तुम्ही स्वतः सांगा, पोर्टलच्या ईमेलवर सोडू नका. समिती अभिप्राय देते का ते विचारा. अनेक पुरस्कारांत तेच नामांकन सुधारून पुढच्या वर्षी देता येतं आणि बऱ्याच जणांची निवड अशीच होते. वर्षभरातलं नवं काम त्यात घाला, सगळ्यात कमकुवत पत्र बदला.

निवड झाली तर बातमीतला मजकूर जाहीर होण्याआधी तपासा: नाव, पद, कामाचं वर्णन. "महिला इंजिनिअरचा सन्मान" अशा मथळ्याखाली कामाचा उल्लेखच नसलेली बातमी जायला वेळ लागत नाही. तयार मजकूर तुम्हीच पाठवलात तर तोच छापला जाण्याची शक्यता जास्त. त्यानंतर तिच्या मॅनेजरशी बोला. पुरस्कार वार्षिक मूल्यमापनात आणि बढतीच्या कागदात गेला पाहिजे, आणि तो आपोआप जात नाही. जमवलेले सगळे पुरावे, तारखा, पत्र लिहिणाऱ्यांची यादी एका फोल्डरमध्ये तिच्याकडे द्या. पुढच्या पदासाठी तिला ते लागेल, आणि तीच इतर कुणाचं नामांकन लिहायला बसेल तेव्हा नमुना म्हणूनही. तिची श्रेणी आता संदर्भ देण्याइतकी झाली असेल, तर पुढच्या अर्जासाठी पहिलं पत्र तिच्याकडेच मागा.